मागे राहिलेली

आमच्यात जुळ्या मुलींना नावं शोधावी लागत नाहीत.
आधी येते ती आपियो, घाईची.
नंतर येते ती अडोंगो, मागे राहिलेली.
मी अडोंगो. बावीस मिनिटांनी.

किसुमूत, टायरच्या दुकानावरच्या खोलीत
सात महिने मी एकच गोष्ट बांधत होते.
सरोवराचा नकाशा, होड्यांचे ठिपके,
भावाचा चढउतार दाखवणारी निळी रेघ,
आणि ती नेमकी कुठली निळी असावी
यावर एक अख्खा मंगळवार.
आपियो चपला घालून दारात उभी असायची.
"झालं?"
"होत आलंय."
हे शब्द आमच्या खोलीत
मिठाच्या डब्यासारखे जागच्या जागी असत.

मग एका पहाटे ती मला न सांगता गेली
डुंगाच्या काठावर,
दहा शिलिंगांची वही नि आईचा फोन घेऊन.
होडी लागली की मोजायची,
आणि बाजारात वाट बघणाऱ्या अकरा जणींना
अंगठ्यानं, एकेक करून, निरोप.
अकराही जणींना वाटलं, यंत्र पाठवतंय.
यंत्र फक्त रविवारी, चर्चच्या वेळात, गप्प असायचं.

तेराव्या दिवशी मामा तुर्फेना जिना चढून आली.
लेसोला हात पुसून तिनं माझा फोन घेतला,
तरी ओमेनाचा वास काचेला लागलाच.
नकाशा सरकवला, ठिपके पाहिले,
कोंबडीनं आरसा पाहावा तसे.
म्हणाली, "पोरी, मला एवढंच सांग,
मटाटूचे साठ शिलिंग मोजण्याआधी,
होड्या आल्यात की नाही.
भावाचं मी बघते. भांडायला मला आवडतं."

त्या रात्री मी चार हजार ओळी काढून टाकल्या.
मासा साफ करताना आई
पोटातलं सगळं एका बोटात ओढते
आणि मांजराकडे वळूनही बघत नाही.
तसं मला जमलं नाही.
मी रडले. निळ्या रेघेसाठी जास्त.
सकाळी उरलं ते तळहातावर मावेल इतकं:
एक प्रश्न, दोन उत्तरं.
आल्या. नाही.

हे दोन शब्द पोचवायला
मी स्वतःचं काही बांधलं नाही.
विरजण शेजारून आणावं, तसं आणलं.
फुकट होतं, उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं,
आणि अगदी वर कुणीतरी लिहून ठेवलेलं:
"हे मी आमच्या बेटाच्या फेरीबोटीसाठी केलं,
आईला धक्क्यावर थंडीत ताटकळावं लागू नये म्हणून.
तुमच्या कामी आलं तर घ्या. मोडलं तर सांगा.
होग्नी, फेरो बेटं."
नकाशात शोधली. वर, पार वर,
कुणाच्या तरी ओल्या हातून उडालेले थेंब.

ते मोडलं. जूनमध्ये.
नेटवर्क गेलं की एकच "आल्या" चौदा वेळा जायचं.
मामा तुर्फेना म्हणाली, आज मासळी फारच दिसते.
तीन रात्री मी त्याच्या ओळी वाचत बसले.
परक्याचा कोट अंगात घालावा
आणि खिशात त्याची जुनी तिकिटं लागावीत, तसं.
नऊ ओळींची दुरुस्ती पाठवली.

तीन आठवडे काही नाही.
मग: "घेतली. आई आता नाही, बोट आहे.
तुमच्याकडे धुकं पडतं का?
माझ्याकडे तिसऱ्या शब्दाची जागा आहे,
शब्द कधी सुचला नाही."

मी लिहिलं, धुकं नाही, जलपर्णी असते.
वारा फिरला की हिरवी सतरंजी येते, बंदर बंद.
होड्या दिसतात, हाकाही ऐकू येतात,
पण त्या आलेल्या नसतात,
आणि नाही आल्या असंही म्हणवत नाही.

आता तीन शब्द आहेत, त्याच्याकडे नि माझ्याकडे.
आल्या. नाही. दिसतायत.

आपियो होमा बेकडे निघालीय, नवी वही घेऊन.
जिन्यातूनच ओरडली, "झालं?"
मी म्हटलं, "तू जा.
मी मागे आहे."