चारशे दाणे

जालन्याला, एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या लॅबमध्ये
माझं काम मोजायचं.
ओल्या कागदावर शंभर दाणे, असे चार कागद.
चिमट्यानं. एकेक.
एकाला दुसरा चिकटू न देता.

मार्चपासून छातीत काहीतरी पळत होतं.
रात्री अडीचला उठून गॅसचं बटण बघायचे,
येऊन पडायचे, परत बघायला जायचे.
सिव्हिलमधल्या मॅडम म्हणाल्या, चंद्रकलाताई,
रोज दहा मिनिटं श्वासाकडे बघा. नुसतं बघा.
बघितलं.
बघितलं की तो अडायचाच,
नवी सून सासऱ्यासमोर उंबऱ्यात अडते तसा.

डबा खाताना नसरीनला सांगितलं.
येसराच्या आमटीत भाकर कुस्करत ती म्हणाली,
"मग दाणे बघ ना माय.
बघायचाच तर पगार भेटतो आपल्याला."

तर आता मी मुगाचा दाणा बघते.
हिरवा म्हणतात, पण तो एकच हिरवा नसतो.
डोळ्यापाशी पांढरी बारीक रेघ,
एका अंगाला शेवाळलेला, दुसऱ्याला जरा पिवळा,
त्रेचाळीस, चव्वेचाळीस,
दादाचा फोन नाही आला,
त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं, वहिनीनं ते
किती झाले?
दाणे परत वाटीत.
एक.

पहिले आठ दिवस स्वतःवरच चिडायचे.
एका शंभरासाठी चार-चार फेऱ्या.
आता चुकलं की कळतं, चुकलं.
पुढचं रडगाणं येत नाही असं नाही,
येतं, स्टीलवाल्यांच्या भोंग्यासारखं.
वाजून जातं.
दाणा चिमट्यातच असतो.

सातव्या दिवशी कागदाच्या सुरळ्या उलगडायच्या.
किती उगवले, किती वाकडे, किती कुजले.
तक्त्यात अजून एक रकाना असतो: टणक.
आठवडाभर ओलीत राहूनही
ज्यांनी पाणीच घेतलं नाही, असे.
त्यांना मेलेल्यांत धरायचं नाही, असा नियम आहे.
काल तिथं तीन लिहिले
आणि उगाच त्या आकड्याकडे बघत राहिले,
नसरीननं टेबल वाजवेपर्यंत.

रात्री अडीचला जाग आलीच.
बटण बघितलं. बंद होतं.
येऊन पडले. परत गेले, खोटं कशाला बोलू.
पण दुसऱ्या खेपेला
तळव्यांना फरशी गार लागत होती,
मोरीतला नळ ठिबकत होता,
आणि मी, का कोण जाणे,
अकरापर्यंत मोजून
तो नीट पिळला.