माळ्यावरचं

आमच्या भिंतीवर दोन रेघा आहेत.
खालची एकोणीसची, वरची एकवीसची.
रंग काढला तेव्हा विजयमाला रंगाऱ्याला म्हणाली,
"तेवढ्या सोडून मार."
म्हणून चिखलीतल्या आमच्या सोप्याला
दोन करदोडे आहेत.

वरच्या रेघेच्या हातभर वर
तिनं माळा घालून घेतला,
भिशी मोडून, भंगारातल्या अँगलवर.
मी म्हणालो, मालाचा माळा!
पोरगा हसला. ती हसली नाही,
ती शिडीच्या पायऱ्या मोजत होती.

उन्हाळाभर काय काय वर चढत राहिलं.
जोंधळं, लिंबाचा पाला घालून,
डब्याच्या तोंडाला मेण ओतून.
हुलगं. नाचणी. रेशनचा तांदूळ,
"भुकंला वास लागत न्हाई," म्हणाली.
गुळाचा एक रवा, पोत्यात.
चटणीच्या तीन बरण्या,
डंकावरनं आणली त्या दिवशी अख्खी गल्ली शिंकली.
शेणी, पोराच्या रेनकोटात बांधलेल्या
(पोरगं खताच्या पोत्याची खोळ घेऊन शाळेला).
सातबारा, आधार, म्हशीच्या विम्याचा कागद
कुकरात. शिट्टीच्या भोकाला एमसील.

"आणि म्हैस?"
"ती सोनतळीला जाईल. तिला शिडी येत न्हाई."

आषाढात बंधाऱ्यावरचे आकडे यायला लागले.
अडतीस. एकोणचाळीस. साडेएकेचाळीस.
अशा दिवसांत गल्लीत कुणी
जेवलास का विचारत नाही,
फूट विचारतात.
माला उंबऱ्यात, दोरी आणि बॅटरी घेऊन,
अभ्यास झालेल्या पोरीसारखी,
पेपर कधी हातात पडतोय.

बेचाळीसला पाणी थांबलं.
दोन दिवस तांबडं, विचार करत उभं राहिलं
आणि उसातनं मागं फिरलं,
आमच्या पायरीला न शिवता.
"आता खा हुलगं," मी म्हणालो.
जरा मोठ्यानंच म्हणालो.

श्रावणात शिरोलीच्या फाउंड्रीनं
गेटवर कागद लावला.
ऑर्डर नाही. भट्टी बंद. पुढील सूचनेपर्यंत.
या पाण्याचा आकडा कुणी पुकारला नव्हता.
ते दुपारी बाराला
घरी बसलेल्या माणसाएवढं चढलं
आणि तिथंच राहिलं.

माला आता बोलेल, मग बोलेल,
मी तयारीत होतो.
तिनं शिडी लावली.

जोंधळं उतरलं. भाकरीला लिंबाचा कडू वास,
पोरगं तोंड वाकडं करून दुसरी मागायचं.
सिलिंडर संपला, शेणी उतरल्या,
रेनकोट पोराला परत मिळाला, पाऊस गेल्यावर.
हुलग्याचं माडगं मी सलग नऊ दिवस प्यायलो
आणि एकदाही काही म्हणालो नाही.

मागच्या दारानं जरीना मुजावर आली,
पदराखाली वाटी. तिचा सलीम
माझ्याच पाळीला, माझ्याच साच्यावर.
"पगार झाला की उसनं फेडतो, माला."
"कशाचं उसनं? हे पुराचं हाय.
पुराच्याला उसनं म्हणत न्हाईत."
वाटी नको म्हणाली. पातेलं आण म्हणाली.
मी आतून ऐकत होतो
आणि मनात, लाज वाटते सांगायला,
डबे मोजत होतो.

मार्गशीर्षात भट्टी पेटली. अर्धी पाळी, अर्धा पगार.
माळ्यावर तेव्हा कुकर तेवढा होता
आणि एका बरणीच्या बुडाला लाल बोटभर.

कामावरून आलो तर भिंतीवर तिसरी रेघ.
पेन्सिलीची, दोन्हींच्या पुष्कळ खाली,
मी दिवसभर बसायचो
त्या खुर्चीच्या पाठीएवढी.
साल लिहिलं नव्हतं.
बोट लावून बघितलं. पुसली नाही.

"हे काय गं?"
तिच्या कमरेवर नव्या हुलग्यांचा डबा.
"मी चढतो," म्हणाली,
"तुम्ही शिडी धरा."