चवीपुरतं मीठ

न्हाणीघराच्या झरोक्याला पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या कडांना चिकटपट्टी,
दाराखाली ओली गोधडी.
घणसोलीत एवढा अंधार
हातानंच करावा लागतो.

वाण्याकडे धुण्याचा सोडा नव्हता,
म्हणून खायचा सोडा तव्यावर भाजला.
कोरडा असून उकळल्यासारखा हलला,
मग गप्प झाला.
कॉफी पाच रुपयांच्या पाऊचमधली;
चांगली कॉफी या कामाला कुचकामी.
क जीवनसत्त्वाच्या गोळ्या खलात कुटल्या.
नळाचं पाणी एकतीस अंश,
ते विसावर आणता आणता
फ्रीजमधला सगळा बर्फ संपला.
वास असा, की मुलगा जेवणाचं ताट घेऊन
शेजारी जाधवांकडे गेला.

शाळेच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या विसळते, लेबलं डकवते.
प्रयोग सर करतात.
इथे पाटावर बसून
ठाण्याच्या बंद पडलेल्या स्टुडिओतला डबा
मी दर मिनिटाला तीनदा उलटा करते,
आणि झाकणाच्या तड्यातून
कॉफी कोपरापर्यंत ओघळते.

पहिली फिल्म कोरी.
दुसरीवर नखाएवढं आभाळ.
तिसरीवर सगळं होतं, पण धुक्याआड:
खाडी, तिवरं, बांधावर उभे आबा,
जिथे त्यांचं मिठागर होतं
आणि आता सेक्टरचा नंबर आहे.

आबांनी फिल्म उजेडात धरली.
‘मीठ टाकलास का?’
मी हसले. कालवण आहे का हे?

रात्री वहीची मागची पानं चाळली, तर खरंच,
धुकं आवरायला चिमूटभर मीठ,
माझ्याच अक्षरात,
कधी लिहून घेतलं आठवेना.

आबांनी माळ्यावरून बरणी उतरवली.
शेवटच्या वर्षाचं खडामीठ,
करडं, ओलसर, कुणाला हात लावू देत नाहीत असं.
दोन खडे मोजून दिले.
धुकं तसंच.

मग पिशवीतलं, बारीक, पांढरं, आयोडीनचं.
धुकं गेलं.

‘त्यात काय घालतात?’
मी सांगितलं.
आबा बराच वेळ बरणीचं झाकण फिरवत राहिले,
आटे बसत नव्हते.
‘आमचा मीठ नुस्ता मीठ व्हता,’ म्हणाले,
तक्रार होती की बढाई, कळलं नाही.

फिल्म दोरीवर वाळत घातली, चड्ड्या-टॉवेलांच्या मधे.
त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली.
आभाळ काळं, चिखल उजळ,
आणि जोमा घरतचे केस
लग्नातल्यासारखे काळेभोर.
‘याची कापी काढू नको,’ म्हणाले.
‘अशीच दे.’

मी तेवढी चौकट कापून दिली.
ती आता त्यांच्या पासबुकात असते.

वहीत लिहिलं:
मीठ अर्धा चमचा, लिटरला.
आबांचं नको.
पुढच्या वेळी बर्फ आधी करून ठेवणे,
आणि डब्याला नवं झाकण बघणे.