दारापर्यंत

मंगळवारी स्वॉन्सीच्या म्युझियममध्ये कुणी फिरकत नाही.
पावसाला कंटाळून एखादा शिरतो,
छत्री ठिबकवत जिन्यापर्यंत येतो, घड्याळ बघतो, जातो.
बाकी आम्ही दोघंच.
वरच्या दालनाच्या पहाऱ्यावर मी,
आणि स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेले एलेउतेरिओ बर्रासा,
वय एक्याऐंशी, कोट एकच, तपकिरी.

आमच्या मधोमध काचेच्या पेटीत
तांब्याच्या खनिजाचा दगड, मोरपंखी, कडेला काळवंडलेला.
पाटीवर लिहिलंय: वाल्पाराइसोहून, जहाजाने.
बर्रासा म्हणतात, "मीही तिथूनच. चौऱ्याहत्तर साली.
फक्त मला वितळवायला तोवर
इथे भट्टी उरली नव्हती."

मग शहर सुरू होतं.
दोनच्या सुमारास आम्ही बंदरावर असतो.
"लिफ्टने नको. ती म्हणजे रुळांवर ठेवलेलं लाकडी कपाट,
कुरकुरतं, वर पैसे मागतं. पायऱ्यांनी चल.
एकशे एकसष्ट. मोजत राहा,
म्हणजे दम लागल्याचं कळत नाही."
मी खुर्चीत बसून चढते.
मला खरंच धाप लागते.

फुलपाखरांची टेकडी. पत्र्याची घरं,
जहाजांच्या उरलेल्या रंगात रंगवलेली.
एकाच भिंतीला निळा आणि पिवळा,
कारण निळ्याचा डबा संपला.
पुढे सांता रुफिनाचं चर्च:
दाराला चौतीस खिळे, पस्तिसाव्याचं भोक,
घंटेला भूकंपाचा तडा, ती वाजत नाही, खोकते.
त्याखाली खलाशांचं म्युझियम,
लोखंडी कठडा, ऐंशी फूट.
"दोनदा रंगवलाय मी. काळा.
दुसऱ्यांदा दोन हात."

एका मंगळवारी मी विचारलं, "आणि आत काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी पगार विचारला.
"आत?" कोटाचं बटण लावलं, काढलं.
"तिकिटाला पैसे नव्हते.
पैसे आले, तेव्हा सैनिकही आले."
चर्च तर फुकट असतं, मी म्हटलं.
"आई म्हणायची, रंगाच्या कपड्यांनी आत जायचं नाही.
माझ्याकडे दुसरे नव्हते."

खाली कुणाची तरी छत्री उघडली, मिटली.

मी मिरजेची. इथे कुणी विचारलं
तर मीही हात हलवून सांगते:
सतारमेकर गल्ली, दारोदार टांगलेले भोपळे,
लाकडाच्या भुशाचा वास, तारा पिळल्याचा आवाज.
दहा वर्षं त्या गल्लीतून शाळेत गेले.
एकाही दुकानाची पायरी चढले नाही.
आज-उद्या करत राहिले, आणि मग विमान.
कुठला तबकडीवाला भोपळा गोड लागतो, कुठला कडू,
हेसुद्धा मी कुणाचं तरी ऐकून सांगते.

नोव्हेंबरात त्यांची नात मैते तिकडे जाऊन आली.
तिने फोनवर फोटो पाठवले, चर्चच्या आतले.
बर्रासांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.
सोनेरी कमानी, मेणबत्त्या,
बाकावर झोपलेलं एक कुत्रं.
"लहान आहे," म्हणाले.
मग, "फार उजेड आहे."
मग फोन काचेवर पालथा ठेवला, दगडाच्या वर,
जे करायला आम्हा दोघांनाही सक्त मनाई आहे.

मी काही बोलले नाही.
साडेचारच्या घंटेला अजून वीस मिनिटं होती.

"खिळा मात्र दिसला नाही," ते म्हणाले,
"दार उघडं होतं ना."
आणि उठता उठता, गुडघ्यावर हात टेकून,
"चल. डावीकडे वळ.
पुढची टेकडी जरा चढाची आहे."