आधीपासून असलेले

चाळीस वर्षं शहापुरात डॉक्टरांच्या हाताखाली
पुड्या बांधल्या मी.
गुलाबी औषधाच्या बाटलीला कागदाची कंगोरेदार पट्टी चिकटवून
एक खूण म्हणजे एक डोस, असं सांगत आलो,
कन्नडमधून, मराठीतून, दोन्ही मोडून तिसऱ्यातून.
आता पुढ्यात हा विम्याचा फॉर्म, सोळा पानांचा,
आणि डोस कुठं संपतो तेच कळत नाही.

टिळकवाडीत दुसऱ्या गेटजवळ बसवराजचं दुकान.
तिकीट, व्हिसा, विमा, झेरॉक्स.
पोरगा चांगला. ‘बर्री काका, बर्री’ म्हणत खुर्ची ओढतो,
इंग्रजीत वाचतो, आमच्यासाठी मराठीत उलटतो.
“पहिला प्रश्न, काकी. आधीपासून असलेले आजार?”

आधीपासून म्हणजे कधीपासून?
पासपोर्टावर बेळगावी, रेशनकार्डावर बेळगाव,
शाळेच्या दाखल्यावर हिचं नाव शेवंता,
आधारवर कुणा क्लार्कनं केलेली शेवंतव्वा.
आजार तेवढा सगळ्या कागदांवर एकाच नावाचा.

“नाही,” ही म्हणाली.
शुगर? नाही. बीपी? नाही.
“छातीत दुखणं, ऑपरेशन, दोन वर्षांत दवाखान्यात भरती?”
ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.
फोनच्या काचेत वैजू. कॅलगरीत रात्रीचे अकरा,
मागं बर्फानं पांढरी झालेली खिडकी,
पोटात आमचं नातवंड, सातवा महिना.
“आई, बोल की. आवाज येईना काय?”

आवाज येत होता.

गेल्याच्या गेल्या मार्गशीर्षात तिला सांगितलं होतं,
सौंदत्तीला गेलोय, डोंगरावर रेंज नाही.
पाच दिवस रेंज नव्हती.
पाच दिवस मी आयसीयूच्या बाहेर बाकावर
गोकाकच्या एका माणसाशेजारी बसून होतो.
त्याला मराठी येत नव्हतं, मला आता त्याचं नाव आठवत नाही.
शेंगाचटणी आणि अर्धी भाकरी त्यानं माझ्या हातावर ठेवली होती.
हिच्या हृदयात जाळीची बारकी नळी बसवली.
शुद्धीवर आल्या आल्या ही म्हणाली,
“वैजूला कळवू नका. तिला तिथं कोण आहे?”

“इथं खोटं लिहिलं तर तिथं क्लेम मिळत नाही काका,”
बसवराज हळूच म्हणाला. पेन त्याच्या हातात थांबलेलं.
मग मीच बोललो. नळी. तारीख.
गोळ्यांची नावं, मिलिग्रॅमसकट. कंपाउंडरला पाठ असतात.
वैजूनं फोन पालथा नाही, उताणा ठेवला असावा,
काचेत नुसतं छत दिसत होतं, आणि एक दिवा.
विम्यानं विचारलं म्हणून तिला कळलं.
तिनं विचारलं असतं
तर आम्ही पुन्हा सौंदत्तीच सांगितली असती.

हप्ता दुपटीच्याही वर गेला.
वैजू म्हणाली, भरते. एवढंच म्हणाली.

चौदाव्या पानावर होतं:
पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च, मर्यादेसह.
ही हसली. “कुठल्या गावी रे आणणार, बसू?
पासपोर्टावरल्या, की रेशनकार्डावरल्या?”
हसावं की नाही त्याला कळेना.
त्यानं तीन चहा सांगितले, हिचा बिनसाखरेचा.
म्हणजे ऐकत होता सगळं.

रात्री कुंद्याचा रिकामा डबा पुसून घेतला,
जुन्या हातानं पुड्या बांधल्या, एकशे ऐंशी दिवसांच्या.
सकाळी. रात्री. जेवणानंतर.
“तिकडची सकाळ कुठली धरायची?” हिनं विचारलं.
तू उठशील ती, म्हटलं.
मोजताना चार दिवसांच्या जास्त झाल्या.
“घ्या त्याही, विमान चुकलं तर.”

त्या मी डब्यात घातल्या नाहीत.
देवळीत, घराच्या दुसऱ्या किल्लीशेजारी ठेवल्या,
आणि वर लिहिलं:
आल्यावर.