दर मीटरला एक बोट

आमचे सव्वीस वर्षं तारवटी होते
आणि त्यांना पोहता येत नाही.
हे गावात सांगायचं नाही, असं ठरलं होतं.
सांगते आता.

जहाजाच्या अकराव्या मजल्यावर एक तलाव होता.
पहाटे चारला उठून, लांब दांड्याच्या जाळीने
ते त्यातून लोकांची सुट्टी उपसायचे:
केसांचे रबर, लिंबाच्या चकत्या,
एकदा तर दातांची कवळी.
पाण्यात पाय बुडवायची त्यांना परवानगी नव्हती.
ते म्हणतात, वेळ नव्हता.

कायमचे घरी आले, आणि दुसऱ्याच महिन्यात
नास्नोळ्याच्या आमच्या घरामागे, माझ्या पोरसात,
चुन्याने एक चौकोन आखला.
आठ बाय चार.
त्यात माझं अळू होतं, मिरच्यांचे दोन वाफे,
आणि बिमलीचं झाड,
शेजारणीकडे मीठ मागावं तसं
जिच्याकडे मी रोज आंबट मागायचे.
मी काही बोलले नाही.
त्या दिवशी हुमणात आंबट घातलं नाही, इतकंच.

दोन हातांवर जांभा लागला.
महिनाभर तांबडी धूळ:
उशीच्या अभ्र्यात, तुळशीवर, भाताच्या पेजेत.
कुंपणापलीकडून पिएदादने विचारलं,
"बांय खणतां गो?"
हो म्हटलं. काय सांगणार,
आमची खरी बांय मे महिन्यात जेमतेम दोन घागरी राखते.
तिला हात लावायचा नाही, एवढं मात्र मी निक्षून सांगितलं.

मग सळ्या, सिमेंट, काळ्या रंगाचा चिकट थर,
मग नखाएवढ्या निळ्या फरश्या,
कागदावर ओळीने चिकटून आलेल्या.
आणि भोवती ताकाच्या रंगाच्या दगडाचं अंगण.
तो दगड बसवायला गदगकडचा मौनेश आला.
तांब्याभर पाणी ओतायचा, उकिडवा बसून बघत राहायचा.
"दर मीटरला एक बोट उतार, बाई, बाहेरच्या अंगाला.
कुठे जायचं ते पाण्याला आधीच सांगावं लागतं.
नाहीतर घरात येतं."

सव्वीस वर्षं, वर्षाला दोन महिने येणारा माणूस
आत कॉटवर बसून टँकरवाल्याशी भाव करत होता.

मेमध्ये भिरंडं पिकली.
एवढं तापलेलं, एवढं सपाट अंगण
मी जन्मात पाहिलं नव्हतं.
फोडली आणि पसरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
संध्याकाळी ताकावर जांभळे गोल डाग.
ते नुसतेच उभे राहिले, ब्रश हातात घेऊन.
मौनेश शेवटचे पैसे न्यायला आला होता,
त्याने नखाने खरवडून पाहिलं.
"हा जाणार नाही," म्हणाला.
मला का कोण जाणे, बरं वाटलं.

चार टँकर पाणी. रविवारी सगळी पुतवंडं.
हे काठावर, हातात जाळी,
आंब्याचं पान काढ, मेलेली माशी काढ.
"तुम्ही या ना काका."
"तुम्ही खेळा."

सोमवारी पहाटे चारला कॉट रिकामी.
स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं,
काळोखात कुणाच्याच नसलेल्या कचऱ्यावर जाळी फिरत होती.

मी दिवाडीची. परकर खोचून
ओहोटीला तिसऱ्या काढायच्या, भरतीला पोहत परतायचं.
गाऊनसकट उतरले.
पाणी अजून कोमट होतं, दिवसभराच्या दगडाचं.

"या," म्हटलं.

त्यांनी जाळी खाली ठेवली, काठाला समांतर,
बोटीवर ठेवत असतील तशी.
एक पायरी. दोन. तिसरीवर काठ घट्ट धरला.
"पाठ टाका. मी आहे खाली."
बराच वेळ लागला.
मग माझ्या तळहातावर ते आले,
इतके हलके की मला भीती वाटली.

कान पाण्यात होते त्यांचे.
तेवढ्यात मी बोलायचं ते सगळं बोलून घेतलं.
बिमलीचंसुद्धा.