रकाना सातवा

वही आली ती मेणकापडात गुंडाळून.
मोडी वाचणारा जालन्यात आता मी एकटाच, म्हणून माझ्याकडे.
पानाला चाळीस रुपये ठरले. वकिलांना हवी होती
दफनभूमीची चतुःसीमा, तेवढीच.
बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, म्हणाले.

पण मोडी अशी मधूनच उचलता येत नाही.
आधी हात ओळखीचा व्हावा लागतो.
हा हात पाळक मसाजी उबाळ्यांचा.
बोरूला घाई, ओळ उजवीकडे चढत जाणारी,
टेकाडावर बैल चढावा तशी.
सन तिन्ही लिहितो, इसवी, फसली, शके,
मेलेल्या कुणाला वाटू नये
आपण भलत्याच काळात गेलो.
समासात हिशेब: कुदळीला दांडा, नऊ आणे हाली.

रकाने छापील, साहेबानं मुंबईहून मागवलेले.
अनुक्रम, नाव, बापाचं नाव, वय, गाव, आजार.
सातवा: पूर्वीची जात.

अकरा पानं सातवा कोरा.
बाराव्यावर लाल शाई, वाकडं बाळबोध: भरावे.
तेराव्यावर पुन्हा: भरावे, ताकीद.
चौदाव्यावर मसाजींनी भरला.

राधी, अदमासे साठ, अंबड, पटकी.
माझी नाळ हिनेच कापली.
लखू, वय नऊ, हिवताप.
कुंडलिकेत उताणा पोहे.
भागा, वय कळत नाही, बाळंतरोग.
हिनं वळलेला दोर तुटत नसे.
याकोब ऊर्फ धोंडू, खोकला.
डफ विकला, बोटं थांबली नाहीत.
नाव नाही, दिवस तीन.
मोठ्यानं रडला.

पुढे लाल शाई आहे पण शब्द नाही,
नुसता एक ठिपका, दौत कलंडावी तसा.
मग पान एकतीस.
मार्गारेट मॅकफी, वय सव्वीस, गाव विलायत, पटकी.
छावणीत गोऱ्यांची वही वेगळी असे,
ही इथे का, ते लिहिलेलं नाही.
साहेबानंच सांगितलं असेल.
सातव्यात, त्याच चढत्या ओळीत:
भाकरी थापायला शिकत होती, काठ फाटत.
त्यानंतर लाल शाई कुठेच नाही.

त्याच उन्हाळ्यातल्या एका दिवसाची बावीस नावं.
मोडीत शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत,
कोण कुठे संपलं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.
मला दोन दिवस लागले.
सातव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच रेघ
आणि तिच्या पोटाशी: सवड नाही. नंतर भरीन.

भरलं आहे. शाई फिकी, बहुधा पावसाळा उलटल्यावर.
एकोणीस भरली.
तिघांपुढे लिहिलं आहे: विचारलं, कोणी उरलं नाही.

पान एकोणसाठ मोडी नाही. बाळबोध,
अक्षर अक्षरापासून लांब, ज्वारीचे दाणे मोजून मांडावेत तसं.
नुकतंच कुणाकडून तरी शिकलेलं.
मसाजी सटवाजी उबाळे. वय अठ्ठावन्न. आजार, चालणे.
आधी मला वाटलं चूक असेल. पुन्हा पाहिलं.
चालणे.
सातव्यात:
उशिरा जेवी.
खाली सही, गोजाई. ‘ई’ खोडून पुन्हा काढलेली.

चतुःसीमा शेवटी मिळाली, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला,
मसाजींच्याच हातची.
पूर्वेस ओढा. पश्चिमेस गाडीवाट.
उत्तरेस गावाची मसणवट, मध्ये कुंपण नाही.
दक्षिणेस मोकळं, लागेल तसं.

वकिलांनी दोनदा वाचून घेतलं.
लागेल तसं म्हणजे किती, म्हणाले.
कोर्टात हे टिकायचं नाही.
मी म्हटलं, नक्कल बरहुकूम आहे,
आणि अठ्ठावन्न पानांचे पैसे मोजून घेतले.